फाकड्यानं न्हेलं

वरकुट्याच्या शिवारात, उसाच्या कडेला, संस्कृतीची स्कूटी उभी होती. स्टँडवर नीट लावलेली. किल्ली तशीच लटकलेली, हुकाला जेवणाचा डबा अडकवलेला. संस्कृती तेवढी नव्हती.

हवालदार जयवंता जीपमधून उतरली तेव्हा आठ वाजून गेले होते. साहेब पुण्याला बंदोबस्ताला गेलेले, म्हणून इंदापूर ठाण्यातून हिची रवानगी झाली. पन्नाशीची बाई, जिभेला हाड नाही, एरवी जीपमधून उतरतानाच चारजणांना झापणार. आज मात्र ती सरळ स्कूटीपाशी गेली आणि त्या डब्याकडं बघत राहिली. 

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या ठाण्यात असताना अशीच एक पोरगी हरवली होती. पळून गेली असेल कुणाबरोबर, असं सगळा गाव म्हणाला आणि पोलीस दोन दिवस एका पोराच्या मागं हिंडले. पोरगी शेजारच्याच विहिरीत निघाली. डॉक्टर म्हणाला होता, पहिला दिवसभर ती जिवंत असावी. त्या वाक्यानं जयवंताची झोप अजूनही उडायची.

"मॅडम, हितं या," जीप चालवणारा लखन म्हणाला. "दोघं होते बघा. एकाचं पाऊल हिकडं, एकाचं तिकडं. झटापट झाली असणार."

रात्री उसाला दिलेलं पाणी वाटेवर आलं होतं. त्या चिखलात चपलांचे मोठाले ठसे होते. काही ठशांचं तोंड उजवीकडं उसाकडं, काहींचं डावीकडं बांधाकडं. जयवंतानं वाकून मोबाईलवर फोटो काढले. मग डिकी उघडली. आत थर्माकोलचा छोटा डबा होता. झाकण फाकलेलं, तळाला बर्फाचं पाणी, बाकी रिकामा.

"ह्यात काय न्यायची ती?"

"काय म्हाईत," मल्हार म्हणाला. हा संस्कृतीचा थोरला भाऊ. डोळे लाल, मुठी आवळलेल्या. "बारामतीच्या एमआयडीसीत डेअरी हाय, तिथल्या लॅबमधी कामाला हाय ती. दूध तपासती. सहाला घरनं निघती, फाट्यावर स्कूटी लावती, फुडं कंपनीच्या गाडीनं जाती."

"आणि तू कुठं होतास?"

"केंद्रावर, दूध घालायला. रोज पावणेसहाला केंद्र उघडतं, सहाच्या आत मी घरी. आज केंद्रवाल्या तात्यांनी यायलाच साडेसहा केले. आमी दहा-बाराजण किटल्या घिऊन ताटकळलो. न्हायतर मीच तिला सोडली असती, मॅडम." आणि एवढा दांडगा गडी तिथंच उसाकडं तोंड करून रडायला लागला.

"बघितलं कुणी तिला?"

बघितलं होतं. मल्हारच्या पोरीनं, छकुलीनं. वय वर्षं पाच. रोज आत्याच्या स्कूटीवर पुढं उभी राहून ती वळणापर्यंत चक्कर मारायची आणि तिथून पळत घरी यायची. आज ती आलीच नाही. शोधलं तेव्हा गोठ्यात वासराच्या मागं अंग चोरून बसलेली सापडली. एकच वाक्य बोलली. "आत्याला फाकड्यानं न्हेलं." त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच.

"फाकडा कोण?"

कुणी बोलायच्या आत एक मोटरसायकल फटफटत आली. सगळे बाजूला झाले. काहींनी हात जोडले. सर्जेराव तात्या. गावचं दूध गोळा करणारं केंद्र त्यांचं. साठी उलटली तरी चाळीस लिटरचा कॅन एकटे उचलायचे. गावात कुणाचंही लग्न असो, पहिली खुर्ची त्यांची. गाडीवर बसूनच ते बोलायला लागले.

"मल्हार, धीर धर. चारजण त्या विहिरीवर जावा. तुमी सगळे ऊस बघा, सरी न् सरी बघा. आन मॅडम, पोरीनं नावच सांगितलंय की. गावात फाकडा म्हंजी कोन, शेंबडं पोर बी सांगंल."

शेंबडी पोरं तिथं बरीच होती आणि त्यांनी सांगितलंच. लोणी भापकरचा सौरभ. संस्कृतीच्याच डेअरीत कामाला. दोनदा तिला घरी सोडायला आला होता. काळा गॉगल, कपाळावर केसांची झुलपं, शर्टाची वरची बटणं उघडी. पारावरची पोरं त्याला बघून "आला बघ फाकडा" म्हणायची. तेव्हापासून तेच नाव पडलं.

"आमचे दोघंजण गेलेत त्याला आणाय," मल्हार म्हणाला. "जित्ता सोडत न्हाय."

"हात लावलास तर तुला आत टाकीन," जयवंता कडाडली. पण तिचाच आवाज तिला पोकळ वाटला. पळून गेली असेल, एका पोराच्या मागं लागा. पुन्हा तेच. अगदी तसंच.

ऊस बघितला. विहिरी बघितल्या. एका विहिरीत गळ टाकला तेव्हा जयवंतानं डोळे मिटून घेतले. गळाला फाटकी प्लास्टिकची पिशवी लागली. चैत्राचं ऊन दहालाच डोक्यावर आलं. शोधणारी माणसं घामाघूम झाली, तेव्हा तात्यांनीच सगळ्यांना केंद्रावर चहा दिला. स्कूटीपासून दोनशे पावलांवर तर केंद्र. पुढं पत्र्याची शेड, मागं मोकळं आवार, त्याच्यामागं ऊस. आवारात जुन्या टँकरची टाकी विटांवर बसवून ठेवलेली होती, वर ओलं गोणपाट टाकलेलं. तिच्या सावलीला टेकून माणसं चहा प्यायली. शेडमधली पोरं दुधाचे कॅन धूत होती आणि त्या खणखणाटात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जयवंता चहा तसाच ठेवून उठली.

सव्वादहाला सौरभला आणलं. ओठ फुटलेला, शर्ट फाटलेला, गॉगल कुठं गेला देव जाणे. जयवंतानं त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीत घेतलं आणि कडी लावली. बाहेर माणसं दारावर थापा मारत होती.

"सकाळी सहाला कुठं होतास?"

"घरी. लोणीत."

"कामावर कधी पोचलास?"

"सात वीसला."

"रोज?"

"रोज सातला. आज कऱ्हावागजच्या अलीकडं पंक्चर झाली. खरंच मॅडम, आईशप्पथ."

"कुणी बघितलं?"

"पंक्चरवाल्यानं. बाकी कुणी न्हाय." त्यानं फुटका ओठ पुसला. "मॅडम, ती सापडली का? मला काय करायचं ते करा, पन ती सापडली का, एवढं सांगा."

जयवंतानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. एवढा मार खाल्ला होता आणि विचारत काय होता!

"काल काही बोलली तुझ्याशी?"

"म्हनली, लॅबमधी कायतरी सापडलंय. आमच्याच गावचं हाय. उद्या पुन्हा नमुना आनते, खात्री करते, मग सायबाला सांगते."

"आणखी?"

"मी म्हनलो, आजच सांग. तर म्हनली, मोठं मानूस हाय. परस्पर सांगितलं तर त्यांची मान खाली जाईल. आधी त्यांना तोंडावर इचारते."

"कोण मोठं माणूस?"

"नाव न्हाय घेतलं. त्यांच्या मांडीवर खेळलीय, एवढंच म्हनली."

जयवंतानं त्याला खोलीत बसवून दाराला बाहेरून कुलूप घातलं, लखनला दारात उभं केलं आणि ती मल्हारच्या घराकडं निघाली. जाताना ती मनातल्या मनात म्हणत होती, "बोल गं माझी बाय, आता तरी बोल."

छकुली अजून गोठ्यातच होती. निकितानं, तिच्या आईनं, पुढ्यात ठेवलेली भाकरी तशीच पडलेली. आपल्या पणजोबांचं, अप्पांचं, पोरगी ऐकते असं सगळे म्हणाले म्हणून अप्पाही तिथंच बसले होते. जयवंता शेणामुतातच बसली.

"त्याचं तोंड दिसलं का गं तुला?"

पोरीनं मान हलवली. नाही. मग डोक्याभोवती हात फिरवला.

"डोक्याला टॉवेल गुंडाळलेला?"

मान हलली. हो.

"मग तो फाकडा हे तुला कसं कळलं?"

छकुली नुसती वासराच्या गळ्यात हात घालून बसली. वासरू चाळवलं, उठायला धडपडलं आणि त्याचा खूर भाकरीच्या ताटात पडला. अप्पांनी काठी आपटली.

"अय फाकड्या! सरक मागं!"

जयवंतानं झटकन मान वळवली.

"काय म्हणालात अप्पा?"

"त्येला म्हनलो. त्येचं नावच फाकड्या हाय."

"का?"

"फुडले पाय बघा की. जन्मल्यापासनं असेच, भायेर फाकल्याले. चालताना एक खूर ह्या गावाला, एक त्या गावाला."

जयवंतानं खिशातून मोबाईल काढला. चिखलातले ठसे मोठे करून बघितले. एकदा, दोनदा. मग तिनं हळूच विचारलं, "अप्पा, गावात माणसांमधी कुणाचे पाय असे हायत?"

 म्हातारा काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. "मानसाला असं म्हनू नये, बाई," तो शेवटी म्हणाला. 

जयवंतानं दुसरा प्रश्न विचारलाच नाही. ती पळत सुटली. वाटेत लखनला हाक मारली, "जीप केंद्रावर आण! निकिताला घे बरोबर! पाण्याची घागर घे!"

केंद्राच्या मागच्या आवारात आता सावलीचा मागमूस नव्हता. टाकीवरचं गोणपाट वाळून कडक झालं होतं. जयवंतानं ते ओढून फेकलं. खाली गोल झाकण, त्याला तार पिळलेली. तिनं पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. आवाज ऐकून माणसं गोळा झाली. तार सुटेना. लखननं पान्हा आणला. त्या दोन मिनिटांत जयवंता नवस बोलून गेली, तोही कुणाला ते तिलाच कळलं नाही.

झाकण उघडलं. आतून गरम वाफ आली. तळाशी संस्कृती पडली होती, डोक्यावरचं रक्त सुकलेलं, तोंड जुन्या नळाच्या भोकापाशी नेलेलं. तेवढ्या भोकातून वारा येत होता.

"हाय! जित्ती हाय!" लखन ओरडला.

तिला बाहेर काढलं. श्वास चालू, शुद्ध नाही. निकितानं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि हंबरडा फोडला. दोन मिनिटांत जीप इंदापूरच्या दवाखान्याकडं धुरळा उडवत गेली. आवारात जयवंता एकटी आणि समोर शंभरेक माणसं.

मोटरसायकल फटफटत आली. शेडमागच्या धुतलेल्या कोब्यावर तात्यांनी ती उभी केली.

"माझ्याच आवारात!" गाडीवर बसूनच त्यांनी कपाळाला हात लावला. "बघा त्या फाकड्याची हिंमत! पोरीला डांबून आळ आमच्या गावावर घालतोय!"

झालं. गर्दी ग्रामपंचायतीकडं वळली. कुणीतरी दगड उचलला. मल्हार सगळ्यांच्या पुढं होता. आता कुलूप तुटणार आणि ते पोरगं जीवानिशी जाणार, हे जयवंताला स्वच्छ दिसलं.  ती वाटेत आडवी झाली.

"मल्हार! थांब! तुझ्या पोरीनं ज्याचं नाव सांगितलं तो तिकडं न्हाय, हितं हाय!"

मल्हार थांबला. बाकीचे त्याच्या पाठीवर आदळून थांबले.

"ऐका. उजेड फाकतो, दार फाकतं, भ्यालेल्या माणसाचे डोळे फाकतात. आणि गॉगल लावून पोरगं हिंडलं की तुमी त्याला फाकडा म्हणता. पण पारावरच्या पोरांची बोली पाच वर्षांच्या पोरीला काय ठाऊक? तिला एकच फाकड्या म्हाईत हाय. गोठ्यातला. त्याचे पाय बाहेर वळलेत. तिला माणसाचं तोंड दिसलं न्हाय, डोक्याला टॉवेल होता. मागनं चाल दिसली. ती आपल्या वासरासारखा चालणारा माणूस सांगत होती आणि आपण सगळे ऐकत होतो दुसरंच."

 जयवंतानं मोबाईल उंच धरला.

"हे स्कूटीजवळचे ठसे. लखनला वाटलं दोघं होते. मलाबी तेच वाटलं. आता नीट बघा. जेवढी उजवी पावलं, तेवढी उजवीकडं वळलेली. जेवढी डावी, तेवढी डावीकडं. माणूस एकच. सरळ चालत गेलाय, पाय तेवढे फाकलेत."

"कुनाचे?" मल्हारनं विचारलं. पण त्याचा आवाज खाली गेला होता. त्याला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. रोज डोळ्यांदेखत चालणाऱ्या माणसाचे पाय कुणी बघितले नव्हते असं नाही. पण त्या पायांना कुणी नाव ठेवलं नव्हतं, कारण त्या पायांना सगळे वाकून नमस्कार करत आले होते.

"सकाळपासनं आपण सगळं शिवार पालथं घातलं," जयवंता म्हणाली. "एक जागा तेवढी राहिली, कारण कुठं बघायचं ते त्या जागेचा मालक सांगत होता. केंद्र आज पाऊण तास उशिरा का उघडलं? तुमी पुढच्या अंगाला किटल्या घेऊन गप्पा मारत होता, तेव्हा मागच्या अंगाला काय चाललं होतं? संस्कृतीनं ज्या दुधात खोट पकडली ते गावचंच होतं. त्याचा नमुना त्या थर्माकोलच्या डब्यात होता, तो गायब हाय. साहेबाला सांगायच्या आधी एका मोठ्या माणसाला तोंडावर विचारते, म्हणाली होती पोरगी. त्याची मान खाली जाऊ नये म्हणून." ती वळली. "तात्या, गाडीवरनं उतरा. चार पावलं चालून दाखवा."

"डोकं फिरलंय ह्या बाईचं," तात्या म्हणाले. "मल्हार, सांग हिला."

मल्हार त्यांच्याकडं बघत राहिला. त्याच्या हातातला दगड खाली पडला.

"तात्या," तो म्हणाला, "उतरा."

सर्जेराव तात्या उतरले. दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. ओल्या कोब्यावरनं पलीकडच्या कोरड्या फरशीवर चार पावलं चालले, पाचव्याला थांबले. त्यांच्यामागं ओले ठसे उमटले होते. उजवा उजवीकडं, डावा डावीकडं. जयवंतानं फोटो शेजारी धरायचीही गरज पडली नाही.

"मी मारली न्हाय तिला," ते खाली बघत म्हणाले. "काल सांजच्याला केंद्रावरनं बाटली भरून न्हेली तिनं, म्हनून सकाळी वाटंवर गाठली. म्हनलो, बाटली दे आन गप बस. म्हनली, तात्या, पावडर नि तेल मिसळता, लहान पोरं पितात ते. मला तोंडावर बोलली! कालपत्तूर माझ्या मांडीवर खेळलेली पोर." मग मान वर न करता, "सांजच्याला सोडनार व्हतो."

"सांजेला?" जयवंतानं टाकीवर हात आपटला. चटका बसला तरी काढला नाही. "ह्या उन्हात? ह्याच्यात?"



ठाण्यातून दुसरी गाडी येऊन तात्यांना घेऊन गेली. सौरभला मल्हारनं स्वतः खोलीतून बाहेर आणलं, त्याच्यापुढं हात जोडले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. सौरभनं तो घेतला. दवाखान्यातून निकिताचा फोन आला तेव्हा एक वाजला होता. "डोळे उघडले! पानी मागितलं! छकुली कुठंय म्हनून इचारलं!" जयवंता ओट्यावर बसली आणि पदराची सवय सुटलेली बाई रुमाल शोधत राहिली.

मग ती गोठ्यात गेली. छकुली भाकरी खात होती, एक घास स्वतःला, एक वासराला.

"आत्या सापडली, बाय."

पोरीनं मान वर केली. "मी सांगितलं व्हतं की."

"व्हय गं. तू बरोबर सांगितलं होतंस. आमालाच कळलं न्हाय."

अप्पा वासराकडं बघत होते. "ह्येचं नाव बदलतो आता," ते म्हणाले. "ते नाव नगं घरात."

छकुलीनं दोन्ही हात वासराच्या गळ्यात टाकले.

"नगं," ती म्हणाली. "ह्येनं काय केलं?"